अनुस्वार हाच थेंब: म्हणीचा अर्थ अक्षरांतून उभा करणारा फलक कसा करावा

वाचनालयाच्या दारात, शाळेच्या जिन्यावर, गणपतीच्या मांडवात किंवा घरच्या भिंतीवर सुवचनाचा फलक लावायचे ठरले, की काम बहुतेक वेळा दोन तुकड्यांत विभागले जाते. अक्षरे एकीकडे नीटनेटकी लिहिली जातात आणि अर्थ दाखवायला कोपऱ्यात चित्र येते. ज्ञान म्हटले की दिवा, कष्ट म्हटले की बैलजोडी, पाणी म्हटले की निळा थेंब. पाहणारा चित्र ओळखतो, वाक्य वाचतो आणि पुढे निघून जातो. चित्राची आणि वाक्याची गाठ पडतच नाही.

इथे सांगितलेली रीत वेगळी आहे. चित्र काढायचेच नाही. काना, मात्रा, अनुस्वार, शिरोरेषा, ओळ कुठे तुटते आणि कागद कुठे मोकळा राहतो, एवढ्याच ऐवजातून अर्थ उभा करायचा. देवनागरीत हे विशेष साधते, कारण आपल्या लिपीत ओळीच्या वर आणि खाली बरेच काही घडत असते. उदाहरणासाठी ‘थेंबे थेंबे तळे साचे’ ही म्हण घेतली आहे आणि ती ए-३ आकाराच्या कागदावर शेवटपर्यंत नेली आहे.

बडोद्यात असा फलक करताना एक गोष्ट आधीच ध्यानात ठेवावी लागते. इथल्या मराठी माणसाची नजर दिवसभर गुजराती पाट्यांवर फिरते, आणि गुजरातीला शिरोरेषा नाही. पुण्यात कुणी शोभेसाठी शिरोरेषा गाळली तर ती केवळ एक शैली ठरते. रावपुऱ्यात किंवा दांडिया बाजारात तीच अक्षरे पहिल्या क्षणी गुजराती म्हणून वाचली जातात. थ, त, स तसेच चालून जातात. ब आणि च गुजरातीत वेगळ्या वळणाचे असल्यामुळे वाचणारा तिथे अडखळतो आणि परत मागे येतो. गुजराती माध्यमात शिकणाऱ्या मुलांचे हे हमखास होते. म्हणून इथे शिरोरेषा गाळायची असेल तर तिला अर्थाचे कारण हवे. आपल्या फलकात उलट शिरोरेषेलाच मोठे काम द्यायचे आहे.

आधी वाक्य, मग बोरू

म्हण मोठ्याने चार-पाच वेळा म्हणा. कुठे आवाज तुटतो, कुठे लांबतो, ते ऐका. ‘थेंबे थेंबे’ तुटक येते, ‘तळे’वर आवाज पसरतो, ‘साचे’वर टेकतो. मग कागदावर एकच प्रश्न लिहा: या वाक्यात घडते काय? उत्तर क्रियापदात द्यायचे, नामात नाही.

इथेच बहुतेक फलक चुकतात. ‘थेंब’ हे नाम पकडले की निळा थेंब काढावासा वाटतो. म्हणीचा जीव मात्र ‘साचणे’ या क्रियेत आहे. थोडे थोडे वरून येते, एकाच जागी येते आणि खाली रुंद होत जाते. ही तीन वाक्ये म्हणजे तुमचा आराखडा. वरून येणे म्हणजे ओळींची उभी रचना, एकाच जागी येणे म्हणजे सगळे एका उभ्या रेषेत ठेवणे, आणि रुंद होणे म्हणजे शेवटची ओळ मोठी व आडवी पसरलेली.

म्हणीला कुणी एक वचनकर्ता नसतो. एखाद्या व्यक्तीचे वचन घेणार असाल तर मात्र मजकूर छापील ग्रंथावरून अक्षर न् अक्षर ताडून घ्या. फिरत्या संदेशांवर विसंबू नका. सयाजीरावांच्या काळातल्या किंवा त्याआधीच्या मजकुरात आणखी एक पेच येतो. १९६२च्या लेखननियमांनी अनुच्चारित अनुस्वार गेले. त्यापूर्वीच्या छपाईत ते जागोजागी दिसतात. जुने वचन जुन्या लेखनात ठेवायचे की आजच्या, हे रेखाटनाआधी ठरवा, कारण प्रत्येक अनुस्वार मात्रेच्या पट्ट्यात जागा मागतो. वचनकर्त्याचे नाव मुख्य अक्षराच्या पाव उंचीत बसते. ए-३ वर ते ८ मिमीच्या खाली नेऊ नका.

अक्षरांची मोजदाद

ही पायरी कंटाळवाणी वाटते, पण फलकाची खरी कल्पना सहसा इथेच सापडते. म्हणीतली अक्षरे सुटी लिहा: थें, बे, थें, बे, त, ळे, सा, चे. एकूण आठ. त्यांपैकी सहांवर एक मात्रा आहे, दोन अनुस्वार आहेत, काना एक, जोडाक्षर एकही नाही आणि उकारही नाही. याचा अर्थ असा, की शिरोरेषेच्या वर सतत काही ना काही आहे आणि अक्षरांच्या पायाखाली काहीच नाही. पाऊस वरून येतो आणि तळ सपाट आहे. म्हणीने हे स्वतःच्या अक्षरांत आधीच लिहून ठेवले आहे; आपण ते फक्त दिसू द्यायचे.

आणि दोन अनुस्वार तर नेमके ‘थेंबे’ या शब्दांवरच आहेत. गोल टिंब, अक्षराच्या डोक्यावर. आणखी कुठला थेंब काढायची गरज काय?

हीच मोजदाद दुसऱ्या म्हणींवर करून पाहा. ‘उथळ पाण्याला खळखळाट फार’ यात एकही मात्रा नाही, वेलांटी नाही, खाली लोंबणारा उकार नाही. सगळे काने. ओळ वरून-खालून सपाट, खरोखरच उथळ. ती लांबट, बुटक्या पट्टीत लिहायची: अक्षराची उंची बोरूच्या टोकाच्या रुंदीच्या फक्त साडेतीन ते चार पट, म्हणजे अक्षरे ठेंगणी आणि जाड, आवाज फार आणि खोली नाही. तिथे धोका ‘ख’चा. अक्षरे पसरवली की त्याचे ‘र’ आणि ‘व’ असे दोन तुकडे वाचले जातात. खालची जोडणी स्पष्ट ठेवायची. ‘अति तेथे माती’ याच्या सहा अक्षरांपैकी चारांच्या डोक्यावर ओझे आहे: ति, ते, थे, ती. तिथे वरचा पट्टा नेहमीपेक्षा उंच घ्या आणि शेवटची वेलांटी सगळ्यांत मोठी करा. अक्षरे आपोआप भाराखाली दबलेली दिसतात.

जिथे अशी मोजदाद काहीच हाती देत नाही, तिथे ओढूनताणून कल्पना लादू नये. साध्या सरळ, सुबक अक्षरांत लिहिलेले वचन कुणालाही नडत नाही.

ओळी कुठे तोडायच्या

शब्द कधीही मध्ये तोडू नका. विशेषण आणि नाम, नाम आणि त्याचे शब्दयोगी अव्यय एका ओळीत राहू द्या. आपल्या म्हणीसाठी तीन ओळी: ‘थेंबे’, खाली पुन्हा ‘थेंबे’, आणि तळाला ‘तळे साचे’. दोन ‘थेंबे’ शेजारी ठेवले तर ती द्विरुक्ती नुसती वाचली जाते. एकाखाली एक ठेवले की दुसरा थेंब पडताना दिसतो.

मग काडेपेटीएवढ्या चौकटी आखून बारा कच्ची रेखाटने करा. पहिली तीन-चार तीच असतील जी कुणालाही सुचतात. ती करून बाजूला ठेवण्यासाठीच असतात. या टप्प्यावर अक्षरे सुंदर काढत बसू नका, ठोकळे आणि रेघा पुरेत. वेळ असेल तर बडोद्याच्या कीर्तिमंदिरात जाऊन चित्रकार नंदलाल बोस यांचे ‘गंगावतरण’ हे भित्तिचित्र बघा. तिथल्या भित्तिचित्रांचे काम १९३९ साली सुरू झाले. पाणी कोणत्या रंगात आहे हे पाहू नका. नजर वरून खाली कशी उतरते, कुठे थांबते आणि कुठे पसरते, ते पाहा आणि आपल्या चौकटीत नजरेची तीच वाट पेन्सिलीने एका बाणाने दाखवा. ज्या रेखाटनात बाण सरळ काढता येत नाही, ते रद्द.

साहित्य

ए-३ आकाराचा, २०० जीएसएमच्या आसपासचा कार्ट्रिज कागद, सरावासाठी त्याच जातीचे पाच-सहा कागद, ट्रेसिंग पेपर, आखणीला २एच पेन्सिल, रेखाटनाला एचबी, गुण्या, स्टीलची ५० सेंटीमीटरची पट्टी, ५ मिमी रुंद टोकाचा बोरू, मोठ्या अक्षरांसाठी १० मिमीचा चपटा ब्रश, शिरोरेषेसाठी ७ मिमीचा आणखी एक ब्रश, काळी वॉटरप्रूफ शाई, निळा पोस्टर कलर आणि डिंकाचे पाणी. ब्रशचा हात बसला नसेल तर आइस्क्रीमची चपटी काडी साधारण १० मिमी रुंद असते. तिचे टोक धारदार ब्लेडने सरळ कापून, काचपेपरवर घासून त्यावर पातळ सुती कापडाचा एकच पदर ताणून बांधा. शाई धरून ठेवते आणि कड स्वच्छ येते.

कागद विकत घेण्यापूर्वी त्याच्या तुकड्यावर पाण्याचा थेंब ठेवून पाहा. लगेच शोषला जाऊन मागे ओला डाग उमटला तर त्या कागदावर शाई फुटणार. काही सेकंद थेंब उभा राहिला तर कागद घ्यायला हरकत नाही. जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत चांगला कागदही ओल धरतो आणि अक्षराच्या कडांना बारीक केस फुटतात. कागद प्लास्टिकच्या पिशवीत सपाट ठेवा आणि काम सुरू करायच्या वेळीच बाहेर काढा. मे महिन्यात उलटा त्रास: बोरूच्या टोकावर शाई वाळते आणि रेघ मध्येच कोरडी पडते. तेव्हा दर दोन-तीन अक्षरांनी टोक ओल्या फडक्यावर पुसा आणि पंखा थेट कागदावर ठेवू नका.

बोरूचा कोन

कागदावर घड्याळाची तबकडी आहे असे समजा. देवनागरीसाठी बोरूची धार साडेदहा आणि साडेचार यांना जोडणाऱ्या रेषेत राहिली पाहिजे. तशी राहिली की डावीकडून उजवीकडे खाली उतरणारी तिरकी रेघ केसासारखी बारीक येते आणि उजवीकडून डावीकडे उतरणारी पूर्ण जाडीची. रोमन अक्षरांत धार बरोबर उलट झुकते. म्हणूनच रोमनसाठी बनवलेल्या निबेने देवनागरी लिहिली की अक्षर मराठी असूनही परके दिसते: जाडी नको तिथे येते. बाजारात डावखुऱ्यांसाठी म्हणून मिळणारी तिरक्या कापाची निब उजव्या हाताने देवनागरी लिहायला सोयीची पडते.

कोन बरोबर आहे की नाही याची परीक्षा सोपी. एक उभा दंड आणि एक आडवी रेघ काढा. दोन्ही सारख्या जाडीच्या आल्या तर कोन ४५ अंशांचा आहे. ५ मिमीच्या टोकाने या कोनात रेघ साडेतीन मिमीची येते आणि १० मिमीच्या टोकाने सात मिमीची. दंड जाड आणि शिरोरेषा बारीक झाली असेल तर धार आडवी पडली आहे. उलट झाले तर उभी झाली आहे.

अक्षराच्या अंगाची उंची, म्हणजे शिरोरेषेपासून पायापर्यंत, टोकाच्या रुंदीच्या सहापट धरा. ५ मिमीच्या बोरूला ३० मिमी, १० मिमीच्या ब्रशला ६० मिमी. मात्रेसाठी शिरोरेषेच्या वर अंगाच्या निम्मी जागा. उकार किंवा जोडाक्षरे असलेल्या मजकुराला खालीही तेवढीच लागते. आपल्या म्हणीला खाली काहीच नको, म्हणून ओळी नेहमीपेक्षा जवळ आणता येतात.

आखणी

कागद आडवा धरा: ४२० मिमी रुंद, २९७ मिमी उंच. डावी-उजवी आणि वरची समास ४० मिमी, खालची ५०. खालची जास्त ठेवली नाही तर मजकूर भिंतीवरून घसरल्यासारखा वाटतो. आता कागदाच्या वरच्या कडेपासून मोजून २एच पेन्सिलीने हलक्या आडव्या रेघा आखा. पहिल्या ‘थेंबे’ची शिरोरेषा ५५ मिमीवर, पाया ८५ वर. दुसऱ्या ‘थेंबे’ची शिरोरेषा १०७ वर, पाया १३७ वर. ‘तळे साचे’ची शिरोरेषा १८७ वर, पाया २४७ वर.

हे आकडे असे का? पहिल्या दोन ओळींत फक्त ७ मिमी मोकळी हवा आहे आणि दुसऱ्या-तिसऱ्या ओळीत २० मिमी. थेंब तळ्यात पडण्याआधी नजर जरा अधरच राहायला हवी. ती जागा भरून काढू नका. लहान आणि मोठ्या ओळीचे प्रमाण एकास दोन आहे. एकास दीड ठेवले तर फरक चुकून झाल्यासारखा दिसतो. एकास तीन केले तर वरचे शब्द शीर्षकासारखे सुटून जातात.

रुंदीचा हिशेब अक्षरांच्या अंगावरून लावायचा. ‘त’ अंगाच्या ०.८ पट, ‘ळे’ १.१, ‘सा’ १.३, ‘चे’ ०.९. ‘तळे’ची रुंदी ११४ मिमी होते, ‘साचे’ची १३२. हे सरासरी आकडे आहेत. तुमच्या वळणाप्रमाणे दोन-चार मिमी इकडेतिकडे होतील. दोन शब्दांतले अंतर नेहमी अंगाच्या ०.६ पट ठेवतात, इथे ते दीडपट करून ५४ मिमी घ्या. ‘तळे’ डाव्या कडेपासून ६० मिमीवर सुरू करा, म्हणजे ‘साचे’ ३६० मिमीवर संपते.

अंतर वाढवायचे कारण शिरोरेषेत आहे. तिसऱ्या ओळीची शिरोरेषा शब्दापुरती थांबत नाही. ती डाव्या समासापासून उजव्या समासापर्यंत, ४० ते ३८० मिमी, सलग धावते. ती पाण्याची पातळी आहे. ‘तळे साचे’ ही अक्षरे तिच्याखाली आहेत आणि दोन मात्रा तेवढ्या पाण्याबाहेर. देवनागरीत शब्द संपला हे शिरोरेषा तुटल्यावर कळते. ती सलग केली की ही खूण जाते आणि ‘तळेसाचे’ असा एकच शब्द वाचला जातो. ती खूण मोठ्या अंतराने परत मिळवायची.

आता कागदावर एक उभी रेघ, डाव्या कडेपासून २०१ मिमीवर. ती ‘तळे’ आणि ‘साचे’ यांच्या बरोबर मधून जाते. दोन्ही अनुस्वारांचे मध्य याच रेघेवर ठेवायचे. त्यासाठी ‘थेंबे’ हा शब्द दोन्ही ओळींत साधारण १७६ मिमीवर सुरू होईल, कारण अनुस्वार ‘थ’च्या दंडावर येतो. पहिला थेंब, त्याखाली दुसरा, आणि त्यांच्याखाली पाण्याच्या रेषेखालची मोकळी जागा. हा उभा ओळंबा कुणी बोलून दाखवत नाही, पण तो चार-पाच मिमीने चुकला की फलक विस्कळीत वाटतो आणि कारण सापडत नाही.

अनुस्वाराजवळ थांबून

संपूर्ण फलक या दोन टिंबांवर उभा आहे, म्हणून इथे घाई नको. टिंबाचा व्यास ६ मिमी, म्हणजे बोरूच्या टोकापेक्षा किंचित मोठा. त्याचा मध्य शिरोरेषेच्या साडेआठ मिमी वर. मात्रेच्या टोकापासून किमान २ मिमी कोरी जागा. त्याहून जवळ आले तर शाई ओली असताना दोन्ही मिळतात आणि मात्रेला गाठ आल्यासारखी दिसते. त्याहून फार वर गेले तर दुसऱ्या ओळीतले टिंब पहिल्या ओळीच्या पायाशी चिकटते.

टिंबाला थेंबासारखी शेपटी काढायचा मोह होतो. करू नका. शेपटी वर गेली की ते दुसऱ्या मात्रेसारखे वाचले जाते. त्याहून मोठा मोह म्हणजे थेंब खाली पडताना दाखवणे: एखादे टिंब शिरोरेषेच्या खाली, अक्षराच्या पायाशी उतरवणे. कल्पना गोड आहे, पण टिंब वरून हलले की ‘थेंबे’चे ‘थेबे’ झाले आणि खाली राहिलेले टिंब हिंदीतल्या ‘ज़’खाली असतो तसा नुक्ता ठरले. अर्थ दाखवताना शब्दच चुकीचा लिहिला गेला. अक्षराच्या ओळखीला लागणारा भाग त्याच्या जागेवरून कधीही हलवायचा नाही. त्याचा आकार, रंग, अंतर यांत काय ते करायचे. वेलांटी, रफार, काना, सगळ्यांनाच हा नियम लागू.

रंग फक्त तीन ठिकाणी: दोन अनुस्वार आणि तळ्याची शिरोरेषा. बाकी सगळे काळे. निळ्या टिंबाकडून निळ्या रेषेकडे नजर आपोआप जाते, मधे काहीही जोडावे लागत नाही. मात्राही निळ्या केल्या तर निळ्या ठिकाणांची संख्या वाढून थेंब हरवतात.

शाईने लिहिणे

रेखाटन ट्रेसिंग पेपरवर पक्के करून, मागून एचबी पेन्सिल घासून मूळ कागदावर फक्त दंड आणि वळणांच्या खुणा उतरवा. पूर्ण बाह्यरेषा उतरवून ती भरत बसलात तर अक्षर रंगवल्यासारखे येते, लिहिल्यासारखे नाही.

लहान ओळी आधी, मोठी नंतर, आणि रंग सगळ्यांत शेवटी. प्रत्येक शब्दात आधी अक्षरे, मग त्या शब्दाची शिरोरेषा. ‘थ’ लिहिताना त्याच्या डावीकडच्या गाठीत पांढरा ठिपका राहतो ना ते बघा. गाठ शाईने भरली की ‘य’ वाचला जातो. ‘ब’च्या पोटातली तिरकी रेघही तशीच. ती दिसली नाही तर ‘व’ झाला. दोन्हीवर उपाय एकच: बोरू दौतीत पूर्ण बुडवू नका, ब्रशने टोकाला शाई लावा आणि पहिला फटका शेजारच्या रद्दी कागदावर मारा.

‘तळे साचे’ लिहून झाले की किमान एक तास वाळू द्या, पावसाळ्यात तीन. मग निळी शिरोरेषा. पोस्टर कलर साईच्या दुधाइतका घट्ट कालवा, एका चमचाभर रंगाला डिंकाच्या पाण्याचे दोन-तीन थेंब. डिंक नसेल तर हात लागला की रंग निघतो, जास्त झाला तर वाळताना तडकतो. ३४० मिमीची रेघ एका दमात सारखी येत नाही. पट्टीच्या दोन्ही टोकांखाली पुठ्ठ्याचे तुकडे ठेवून ती कागदापासून उचला, नाहीतर रंग पट्टीखाली ओढला जातो. डावीकडून ‘सा’च्या दंडापर्यंत एक फटका, तिथून उजवीकडे दुसरा, दंडावर जोड दिसत नाही. अनुस्वार शेवटी, गोल ब्रश उभा धरून, आतून बाहेर फिरवत.

वाचून घेणे

वाळल्यावर मोबाइलने कृष्णधवल फोटो काढा. निळी रेषा काळ्या अक्षरांत बुडाली असेल तर निळा जरा उजळ करा. मग फलक उलटा धरून पाहा. शब्द न वाचता वजन दिसते आणि कुठली बाजू झुकली आहे ते कळते. शेवटी, म्हण ज्यांना सांगितलेली नाही अशा तिघांना तीन मीटरवरून वाचायला सांगा. त्यांतला एकजण तरी गुजराती लिपीत शिकलेला असावा. ते कुठे थांबतात, एवढेच टिपा. ‘तळेसाचे’ वाचले तर अंतर वाढवा. ‘थेबे’ वाचले तर टिंब उजळ किंवा मोठे करा. आवडला का, हे विचारू नका.

संगणकावर करायचे असेल तर

आखणीचे आकडे तेच. अक्षरांमधले अंतर संगणकाच्या आज्ञेने वाढवले की शिरोरेषेत फटी पडतात, तेव्हा अंतर हाताने लावा आणि शिरोरेषा वेगळी काढा. अक्षर आडवे-उभे ताणू नका. दंडाची आणि शिरोरेषेची जाडी लगेच बिघडते. मजकुरात ल किंवा श असेल तर ती मराठी वळणाची आहेत ना ते तपासा: पाकळीचा ल, देठाचा श. पुष्कळ फाँट हिंदी वळण आधी देतात. भाषा मराठी निवडल्यावर काहींत ते बदलते. ‘तिरो देवनागरी मराठी’सारख्या फाँटमध्ये ते मुळातच मराठी आहे.

शेजारी गुजराती भाषांतर द्यायचे असेल तर दोन्ही लिप्यांची अंगाची उंची समान ठेवूनही गुजराती ओळ हलकी दिसते, कारण तिच्या माथ्यावर रेघ नाही. गुजराती अक्षर थोडे जाड घ्या. तिला कृत्रिम शिरोरेषा देऊ नका.

भिंतीवर नेताना

शाळेच्या किंवा वाचनालयाच्या भिंतीवर हाच आराखडा पाचपट करा: २.१ मीटर रुंद आणि १.४८५ मीटर उंच. तीन मीटर अंतराला २५ मिमी उंचीचे अक्षर आरामात वाचता येते, असा पाटीवाल्यांचा ढोबळ हिशेब असतो. त्यानुसार ३०० मिमीची ‘तळे साचे’ ही ओळ ३६ मीटरवरून आणि १५० मिमीचे ‘थेंबे’ १८ मीटरवरून वाचले जातील. म्हणजे लांबून आधी तळे दिसते आणि जवळ आल्यावर थेंब. आवाराच्या फाटकातून दारापर्यंतच्या वाटेवर हा क्रम छान लागतो.

कागदावर दर २० मिमीला आणि भिंतीवर दर १०० मिमीला चौकटी आखा. आडव्या रेघा खडू लावलेल्या ताणलेल्या दोरीने मारा, उभी रेघ ओळंब्याने. विटांच्या थराला किंवा फरशीला समांतर धरू नका. जुन्या इमारतींत तेच वाकडे असतात.

भिंतीला नवा गिलावा असेल तर चार आठवडे तरी थांबा. ओल्या चुन्यात आणि सिमेंटमध्ये क्षार जास्त असतो आणि तो रंग खातो. प्रशियन निळा अशा भिंतीवर मरतो. नीळ, म्हणजे अल्ट्रामरीन, टिकते. गेरू आणि पिवळी मातीही टिकते. पश्चिमेच्या उन्हात लाल-गुलाबी रंग सगळ्यांत आधी उडतात. आणि फलक नळाच्या किंवा पन्हळीच्या खाली येत नाही ना, हे पावसाच्या दिवशीच जाऊन बघून या. जागा ठरली की फलकाचा मध्य उभ्या माणसाच्या नजरेला, जमिनीपासून साधारण दीड मीटरवर ठेवा. प्राथमिक शाळेत एक मीटर पाच सेंटीमीटर ते एक मीटर दहा सेंटीमीटर पुरे. कागदी फलक काचेत लावणार असाल तर खिडकीच्या समोरची भिंत टाळा, आणि काच व कागद यांमध्ये पुठ्ठ्याची चौकट घाला, नाहीतर पावसाळ्यात पोस्टर कलर काचेला चिकटतो.